बाहेरगावच्या कवींना आधी वाचू द्या

'ओपन माइकमुळे कवितेची शिस्त गेली, कोणीही उठतो आणि वाचतो' हे इथल्या चर्चेतलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. कविता लोकांपुढे गाऊन दाखवण्याची रीत १९२० च्या दशकात रविकिरण मंडळाने, म्हणजे पुण्यातल्या कवींच्या एका गटाने, रुजवली, तेव्हा त्यांचीही भरपूर थट्टा झाली. त्याच मंडळातले माधव जूलियन पुढे आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत होते, आणि वृत्तांचा एवढा बारकाईने अभ्यास करणारा 'छंदोरचना' हा ग्रंथ त्यांचाच. जाहीर वाचनाने शिस्त जाते, हे मग कशावरून?

खरी अडचण वेळेची आहे, तिच्याबद्दल इथे कोणी बोललेलं नाही. राजारामपुरीतल्या एका कॅफेत राधानगरीकडचे एक काका आले होते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. गव्यांनी एका रात्रीत तुडवलेल्या भाताची कविता. नावं इन्स्टावर आधीच भरलेली, त्यामुळे त्यांचा नंबर पार शेवटी. दोन कडवी झाली, घड्याळ बघितलं आणि 'शेवटची एस्टी हाय' म्हणून स्टँडकडे निघाले. त्या रात्रीची सगळ्यात ताकदीची कविता अर्धीच राहिली, याचं मला फार वाईट वाटतं. आयोजकांनी नावासोबत गावही विचारावं, लांबच्यांना पहिल्या तासात घ्यावं आणि नोंदणी साध्या फोनवरूनही ठेवावी. रविवारी दुपारी चारला सुरू केलं तर गडहिंग्लज, गारगोटीचे कवीही येऊ शकतील.