कार्बिमॅझोल चालू आहे, घसा दुखतोय, ताप आहे. सकाळपर्यंत थांबू का?

भांडुपवाला_८१ :
बायको, वय ३४. जूनअखेर ग्रेव्हजचं, म्हणजे थायरॉइड जास्त होण्याच्या आजाराचं निदान झालं. वजन सात किलो उतरलं होतं आणि हात इतके थरथरायचे की चहाची बशी वाजायची. गेले पाच आठवडे कार्बिमॅझोल १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल चालू आहे. थरथर बरीच कमी झालीय. पण काल रात्रीपासून घसा दुखतोय, आज दुपारी ताप १०१.४. पॅरासिटामॉलने उतरला होता, आता परत चढतोय. रविवार असल्यामुळे डॉक्टर फोनवर मिळत नाहीत. पाऊस लागलाय, आमच्या इमारतीत तिघांना ताप आहे, म्हणून मला साधंच वाटतंय. ती मात्र म्हणते की या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी उतरतात असं कुठेतरी वाचलंय. रात्रीची गोळी द्यायची का? सकाळी ओपीडी उघडेपर्यंत थांबलं तर चालेल?

चेकनाका_मुलुंड :
अहो, सगळीकडे व्हायरल चालू आहे. हळद-मिठाच्या गुळण्या करायला सांगा आणि रात्री काढा द्या. माझी आई पंधरा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, तिला कधी काही झालं नाही. नेटवर वाचून घाबरू नका.

लालबागची_थोरली :
दादा, थांबू नका. रात्रीची गोळी देऊ नका. जिथे चोवीस तास लॅब चालू असते अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आत्ता जा आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करून घ्या, डिफरन्शियलसकट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजून. दारातच सांगा की कार्बिमॅझोल चालू आहे. बाकीचं रिक्षात वाचा.

मुलुंडकर, तुमच्या आई घेतात ती थायरॉक्सिन असणार, थायरॉइड कमी पडतो तो भरून काढणारी. वहिनींची गोळी नेमकी उलटी, जास्त झालेला थायरॉइड दाबणारी. घरात दोन्हींना ‘थायरॉइडची गोळी’च म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. पांढऱ्या पेशींची भीती या दुसरीची आहे.

माझं झालं २०२२ मध्ये. आषाढीच्या आठवड्यात गोळ्या सुरू केल्या, डोस वहिनींचाच. सात आठवड्यांनी गणपती आले. कोरोनाच्या दोन वर्षांनंतरचा पहिला मोकळा गणपती, त्यात आमचं घर लालबागला, म्हणजे आरत्या, ढोल, पाहुणे, रात्री दोन वाजता चहाची आधणं. गौरी जेवल्या त्या दिवशी घसा धरला. गणपतीत कोणाचा घसा बसत नाही? मी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलं. त्यांनी बाकीच्या गोळ्यांचं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण घशाचा आणि थायरॉइडचा संबंध माझ्या डोक्यातच नव्हता. आणि ते तीन दिवस मी कार्बिमॅझोल मोबाइलवर अलार्म लावून, एक डोस न चुकवता घेतली. हे अजून आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चौथ्या दिवशी थुंकी गिळता येईना. उशाशी वाटी ठेवून त्यात थुंकत होते. नवऱ्याने मोबाइलच्या उजेडात तोंड बघितलं. टॉन्सिलवर करड्या रंगाचे चट्टे आणि जिभेच्या कडेला दोन खोल फोड. कॅज्युअल्टीत एक लहानखुरी डॉक्टर मुलगी होती. तिने घसा बघितला आणि म्हणाली, “गोळ्या कुठल्या चालू आहेत, दाखवा.” मी प्लॅस्टिकची पिशवी तिच्या टेबलावर पालथी केली. तिने कार्बिमॅझोलची पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि लॅबला फोन लावला. तासाभरात रिपोर्ट आला. डब्ल्यूबीसी, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी १,१००, त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल २ टक्के. म्हणजे २२. असायला हवेत दीड-दोन हजारांच्या वर.

मी विचारलं, एवढा घसा खराब झालाय तर पू कसा नाही? म्हणाली, “पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात.”

मग नऊ दिवस वेगळ्या खोलीत. शिरेतून अँटिबायोटिक आणि पेशी वाढवायचं फिलग्रॅस्टिम रोज पोटाच्या कातडीत. त्याने कंबर अशी ठणकायची की बाळंतपण आठवलं. घरचा डबा चालायचा, पण गरम आणि शिजलेलंच. कोशिंबीर नाही, फळं नाहीत. सासूबाईंनी प्रसादाचा मोदक पाठवला तोही नर्सने परत उकडायला लावला. विसर्जनाचे ढोल खिडकी बंद ठेवून ऐकले. सहाव्या दिवशी ६४०, आठव्या दिवशी २,९००.

पुढे ही गोळी कायमची बंद. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घेतलं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे ते, १९६३ पासून. त्याने थायरॉइडचं कामच थांबलं, आणि आता मीही मुलुंडकरांच्या आईंसारखी सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेते.

गेलात का? कळवा.

स्लाइडबॉय_दादर :
पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं काढलीयत. ताईंनी सांगितलंय त्यातलं ‘डिफरन्शियलसकट’ सोडू नका. या दिवसांत ताप म्हटला की मुंबईत सगळे प्लेटलेट बघतात, आणि डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात. त्यामुळे टोटल कमी दिसली की ‘डेंग्यूच’ म्हणून विषय संपतो. या गोळ्यांच्या केसमध्ये बहुतेक वेळा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट जागेवर असतात, फक्त न्यूट्रोफिल गायब. स्लाइड बघताना एरवी प्रत्येक फील्डला चार-पाच न्यूट्रोफिल भेटतात. असा पेशंट आला की सरकवत राहा, सरकवत राहा, नुसते लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी.

आकडा स्वतः काढता येतो. टोटल डब्ल्यूबीसी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले शंभर. ५०० च्या खाली आला तर ती इमर्जन्सी, याला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. १,५०० च्या खाली असला तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी परत सुरू करायची नाही. जुना रिपोर्ट असला तर सोबत न्या. ग्रेव्हजमध्ये गोळीच्या आधीपासूनच आकडा थोडा कमी असू शकतो, म्हणून सुरुवातीला एक सीबीसी करून ठेवतात.

आणि भांडुपकर, मागच्या आठवड्याचा सीबीसी नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहू नका. हे उतरणं सावकाश नसतं, दोन-चार दिवसांत होतं. हजारात दोन ते पाच जणांना होतं, आणि बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत. वहिनी त्याच काळात आहेत.

लालबागची_थोरली :
एक राहिलं. आकडा खरंच खाली आला आणि कोणी म्हणालं की ही बंद करून दुसरी देतो, प्रोपिलथायोयुरॅसिल, तर नाही म्हणा. त्या गोळीनेही हेच होऊ शकतं. मला ॲडमिट असताना हे दोनदा बजावलं होतं, आणि डिस्चार्ज कार्डावर लाल पेनने लिहिलंय.

भांडुपवाला_८१ :
रात्री पावणेदहाला पोचलो. रिक्षात सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मोदकावर ती हसली, मग घसा दुखला म्हणून मला ओरडली.

रिपोर्ट बाराला आला. डब्ल्यूबीसी ५,८००, न्यूट्रोफिल ६१ टक्के. स्लाइडबॉय, तुमच्या हिशोबाने ३,५३८. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सोडलं, पण सकाळची गोळीही थांबवायला सांगितली, आमच्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत.

ते आज अकराला भेटले. मी म्हटलं, सर, हे आम्हाला आधी सांगायचं ना. त्यांनी काही न बोलता आमच्याच फाइलमधली पहिली चिठ्ठी काढून उलटी केली. मागे त्यांच्या अक्षरात तीन ओळी : ताप किंवा घसा. गोळी बंद. त्याच दिवशी सीबीसी. पाच आठवडे ती चिठ्ठी केमिस्टला पुढच्या बाजूने दाखवत होतो.

गोळी आज दुपारपासून परत चालू. निघताना तिने विचारलं, परत ताप आला तर परत हेच करायचं? ते म्हणाले, हो. ती म्हणाली, दर वेळी? ते म्हणाले, दर वेळी, रात्रीचे दोन वाजले असले तरी.