कच्चे म्हणून विकले जाणारे काजूगर खरोखर कच्चे असतात का?

प्रश्न: पाकिटावर ‘कच्चे’ असे छापलेले काजूगर मोड आणण्यासाठी भिजवले, परंतु तीन दिवसांत ते केवळ बुळबुळीत झाले. त्यांना आधीच उष्णता दिलेली असते काय?

उत्तर १: होय. टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून कारखान्यात बिया प्रथम वाफवतात, मग फोडून निघालेले गर सुमारे ७० अंशांच्या गरम हवेत वाळवतात, तेव्हा कुठे तांबूस साल सुटते. ‘न भाजलेले’ म्हणणे खरे. ‘कच्चे’ मात्र सैल शब्द आहे.

उत्तर २: उष्णता न लागलेला गर हवा असल्यास सिंधुदुर्गातील ओले काजूगर घ्यावेत. ते हिरवी बी चिरून काढतात, आणि काढणाऱ्या बायकांची बोटे त्या चिकाने सोलवटलेली असतात.

उत्तर ३: कॅलिफोर्नियातील बदामांनाही अमेरिकेत विकण्यापूर्वी २००७ पासून पाश्चरीकरण सक्तीचे आहे.