अनुभव धागा : खोलीला पांढरा की राखाडी?

पावसाळा सरला की रंगकामं निघतात. यातला कुठला रंग कुठल्या खोलीत बसतो, कुठे फसतो, ते कारणासकट लिहा. (खाली प्रत्येक उत्तराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उत्तरमुखी : आधी खिडकीची दिशा बघा. उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येत नाही, उजेड निळसर असतो. तिथे निळ्या झाकेचा राखाडी उदास दिसतो. मातकट झाकेचा घ्या, नाहीतर सरळ ऑफ-व्हाइट. पश्चिमेला उलट, संध्याकाळचं ऊन पांढऱ्यावर डोळ्यांना खुपतं, तिथे राखाडीच बरा. दिव्यांचंही तेच. 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी निळा पडतो, 3000 च्या पिवळसर दिव्याखाली पांढरा सायीसारखा दिसतो. शेड कार्डावर ठरवू नका. दोन बाय दोन फुटांच्या प्लायला प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारून रंगाचे दोन हात द्या. वाळला की प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा.

दोन हात : 10 बाय 12 ची खोली, उंची साडेनऊ फूट. भिंती 418 चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण 375. चांगलं इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दोन हातांना लिटरमागे 120 चौरस फुटांच्या आसपास पुरतं, म्हणजे सव्वातीन लिटर लागेल. राखाडी असेल तर 4 लिटर एकदमच घ्या. तो मशीनवर मिसळतात. मागाहून आणलेला लिटर किंचित वेगळा निघाला तरी भिंतीच्या मध्यावर पट्टा दिसतो. डबे दोन असतील तर एका बादलीत एकत्र करा. शेड नंबर आणि बेस (ज्या मूळ रंगात छटा मिसळली तो) वहीत लिहून ठेवा.
डागडुजीला पांढरा सोयीचा. राखाडीवर ठिगळ उठून दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते.

पॉलिश पेपर : गडद भिंतीवर पांढरा दोन हातांत झाकत नाही. आधी प्रायमर, आणि तिसरा हात धरूनच चाला.
राखाडी चकचकीत घेऊ नका. बाजूच्या खिडकीच्या तिरप्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. पुट्टी वाळल्यावर भिंतीलगत टॉर्च आडवा धरून तपासा, खुणा करा, घासा, मगच प्रायमर.

कोकणकडा : ओल असेल तर पांढऱ्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसतात, राखाडीवर क्षाराची पांढरी पूड. रंग बदलून ओल जात नाही हो! गळती बंद करा, सुटलेली पुट्टी खरवडा, भिंत पूर्ण वाळू द्या. नव्या प्लास्टरलाही किमान 28 दिवस द्या.