रेझिस्टरवर वॉट लिहिलेलेच नाहीत, कसे ओळखायचे?

सोल्डरचा_धूर:
एका सप्लाय बोर्डवरचा रेझिस्टर करपलाय. पट्टे पिवळा जांभळा तपकिरी सोनेरी, म्हणजे ४७० ओहम ५ टक्के एवढं कळलं, पण वॉट कुठेच नाही. २४ व्होल्टवरून १२ च्या झेनरला (व्होल्टेज १२ वर धरून ठेवणारा डायोड) जातो. बॉडी मोजली तर लांबी ९ मिमी, जाडी ३ च्या जरा वर. माझ्याकडे क्वार्टर वॉटचे ढीगभर पडलेत, त्यातलाच एक ठोकून दिला तर चालेल का?

जुना_खोका:
ठोकू नका. पट्टे फक्त ओहम आणि टॉलरन्स सांगतात, वॉट अंगकाठीवरून ओळखायचे. साधे कार्बन फिल्मवाले असतील तर ६ मिमीच्या आसपास क्वार्टर, ९ चा हाफ, ११-१२ चा एक वॉट. तुमचा हाफ.

मिलीव्होल्ट:
अंगकाठीवर फार जाऊ नका हो, मेटल फिल्ममध्ये छोट्या बॉडीचे पण येतात, क्वार्टरएवढा दिसतो आणि असतो हाफ. आणि मापावरून फार तर आधी काय बसवलं होतं ते कळेल, लागतो किती ते सर्किटला विचारायचं. त्याच्यावर पडतात २४ वजा १२ म्हणजे १२ व्होल्ट, १२ चा वर्ग १४४, भागिले ४७०, आले ०.३१ वॉट. क्वार्टर इथेच बाद. हाफ तसा पुरतो, पण ते रेटिंग बहुतेक वेळा ७० डिग्रीपर्यंतचंच असतं, बंद डब्यात त्याच्या वर गेलं की कमी होत जातं. मी निदान दुप्पट धरतो, त्यामुळे १ वॉट टाका.

सोल्डरचा_धूर:
पण मग ०.३१ च होते आणि रेझिस्टर हाफचा, तर करपला कशाला??

मिलीव्होल्ट:
हाच खरा प्रश्न 😄 झेनर बघा. तो शॉर्ट झाला असेल तर अख्खे २४ व्होल्ट रेझिस्टरवर, ५७६ भागिले ४७०, सव्वा वॉटच्या जवळपास. हाफवाला भाजणारच.

सोल्डरचा_धूर:
झेनर काढून मीटरने चेक केला, दोन्ही बाजूंनी बीप देतोय, म्हणजे शॉर्टच, गेला. मी उगाच रेझिस्टरच्या मागे लागलो होतो. आता १ वॉटचा ४७० नाहीये, हाफचे २२० आणि २७० आहेत, सिरीजमध्ये?

जुना_खोका:
चालतील की. ४९० होतात, तुमच्या ५ टक्क्यांतच बसतं. एकावर ०.१३, दुसऱ्यावर ०.१६ वॉट, निवांत. फक्त बोर्डला चिकटवून बसवू नका, पाय लांब ठेवून वर उचला, मूळवाल्याने तेच केलं असतं तर बोर्ड काळा पडला नसता. झेनरपण १ वॉटचाच घ्या, लोड नसताना सगळा २५ मिलीअँप त्याच्यातूनच जातो, म्हणजे त्याच्यावरही ०.३ वॉट.

मिलीव्होल्ट:
एक राहिलं, हे सगळं साध्या रेझिस्टरचं. फ्युजिबल असेल तर दुप्पट वॉटचा टाकायचा नाही, तो मुद्दाम वेळेवर उडावा म्हणून बसवलेला असतो, तिथे फ्युजिबलच लावा आणि वॉट तेवढेच ठेवा.

सोल्डरचा_धूर:
नाही, साधाच होता. दोन्ही बसवले, नवीन झेनर टाकला, ११.९ व्होल्ट येतायत. अर्धा तास चालू ठेवून मग बोट लावलं, नुसता कोमट आहे.