प्रतिसाद: गव्हर्नर बदलून उपयोग नाही

भोसरीतल्या वर्कशॉपच्या पॅनेलमधला रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) दुपारी मंदावतो, गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स' करूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. पडणारच नाही. गव्हर्नर फक्त वेग मागतो; चिप ८० अंशांच्या पुढे गेली की फर्मवेअर (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली खेचतं, ८५ ला आणखी. पुण्याच्या एप्रिलमध्ये बाहेरच ४० असताना बंद पॅनेलच्या आत काय होत असेल ते बघा.

आधी 'व्हीसीजेनसीएमडी' (vcgencmd) या कमांडने थ्रॉटलिंगचा, म्हणजे वेग सक्तीने कमी केल्याचा, हेक्स आकडा काढा आणि त्यातले कुठले बिट लागलेत ते बघा. बिट २ म्हणजे आत्ता थ्रॉटलिंग चालू, १८ म्हणजे बूटनंतर कधीतरी झालेलं. बिट ० किंवा १६ लागला असेल तर व्होल्टेज पडतंय: ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय आणि आखूड, जाड केबल. हे तपासल्याशिवाय हीटसिंकवर पैसे घालू नका, कळकळीने सांगतो.

उष्णताच असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये कमाल क्लॉक १५०० वरून १२०० मेगाहर्ट्झ करा, बूस्टची (वेग वाढवणारी) ओळ असेल तर काढा. वेग २० टक्केच जातो, पण क्लॉकसोबत व्होल्टेजही उतरतं आणि डायनॅमिक पॉवर (चिप काम करताना खाते ती वीज) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे उष्णता त्याहून जास्त घटते.

बंद पॅनेलमध्ये छोटा पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. त्यापेक्षा चिपवर थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी), त्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि तो थेट पॅनेलच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट. त्या जागेचा रंग मात्र खरवडून काढा.