उंदरातल्या गाठीचा रक्तप्रवाह: कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंडचे आकडे दर वेळी वेगळे का येतात?

लहरी_१८
बाल्ब-सी वाणाचा उंदीर, ४टी१ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची) गाठ, व्यास ६ ते ८ मिमी. प्रोब १८ मेगाहर्ट्झचा. पॉवर डॉप्लरवर (वाहतं रक्त दाखवणारं अल्ट्रासाउंड) फक्त गाठीच्या कडेच्या वाहिन्या दिसतात, मधला भाग काळाच. म्हणून शेपटीच्या शिरेतून फॉस्फोलिपिड कवचाचे मायक्रोबबल (वायूचे सूक्ष्म फुगे) ५० मायक्रोलिटर देतो, मोठ्या दाबाच्या पल्सने ते फोडतो आणि पुन्हा भरण्याचा आलेख काढतो. पण त्याच उंदरात, त्याच दिवशी, पाठोपाठच्या दोन इंजेक्शनांचे आकडे जुळत नाहीत. प्रोब स्टँडवर घट्ट आहे. भूल आयसोफ्लुरेन २ टक्के, ऑक्सिजनसोबत. आकडे स्क्रीनवरच्या ग्रे-व्हॅल्यूवरून (पिक्सेलच्या उजळपणावरून) काढतो. चूक कुठे असेल?

केशवाहिनी
डॉप्लरचं आधी. केशवाहिन्यांत रक्त सेकंदाला १ मिमीच्याही खाली सरकतं. श्वासामुळे हलणारी ऊती काढून टाकणारा वॉल फिल्टर हा प्रवाहही पुसतो. त्यामुळे काळा भाग म्हणजे मृत भाग, असं धरू नका.

आता आकडे. ग्रे-व्हॅल्यू लॉग-कॉम्प्रेस केलेली, म्हणजे लॉगरिदमने आकसवलेली असते. तिची थेट सरासरी काढली की जोरदार आणि क्षीण भागांतला फरक दबतो. प्रत्येक पिक्सेल आधी डेसिबलमध्ये न्या, १० चा (डेसिबल/१०) वा घात घ्या, सरासरी त्यानंतर. गेन (सिग्नल किती वाढवायचा) आणि डायनॅमिक रेंज (क्षीण ते जोरदार किती पट्टा दाखवायचा) सगळ्या उंदरांसाठी एकच ठेवा.

दुसरं, पुन्हा भरण्याचं सूत्र, A(१ − e^−βt) (A म्हणजे आलेखाच्या शेवटच्या सपाट भागाची, पठाराची उंची, β म्हणजे भरण्याचा वेग), रक्तातलं बबलचं प्रमाण स्थिर आहे असं गृहीत धरतं. एकदम दिलेल्या डोसात ते सतत उतरत असतं, मग पठार येणार कुठून? तुमचा β त्या उताराशी मिसळतोय. मंद इन्फ्युजन द्या, नाहीतर बोलसच (एकदम दिलेला डोस) ठेवून शिखर, शिखरापर्यंतचा वेळ आणि चढाचा वेग एवढंच मोजा. दोन्हींची सरमिसळ नको.

सुई_२७
इन्फ्युजन हवंच, पण पंपातली सिरिंज आडवी पडून राहिली की बबल वर तरंगतात आणि डोस मिनिटागणिक बदलतो. सिरिंज अधूनमधून फिरवत राहा.

माझा जास्त संशय कुपीतून सिरिंज भरण्यावर आहे. बंद कुपीतून जोरात ओढलं की आत निर्वात तयार होऊन बबल फुटतात. हवेसाठी दुसरी सुई खोचा, कुपी हलक्या हाताने उलटसुलट करा, दुधाळपणा एकसारखा दिसला की सावकाश ओढा. २७ गेजमधूनही सावकाशच द्या. २० ग्रॅमच्या उंदराला एका वेळी १०० मायक्रोलिटरच्या वर जाऊ नका. सलाईनचा फ्लशही त्यातच धरा.

ऑक्सिजनऐवजी मेडिकल एअर वापरून बघा. शुद्ध ऑक्सिजनवर रक्तातल्या वायूंचं प्रमाण बदलतं आणि बबल लवकर विरतात. भूल १.५ टक्क्यांवर आणा, शरीराचं तापमान ३७ अंशांवर धरा. उंदीर थंड पडला की गाठीचा प्रवाह घटतो आणि तो औषधाचा परिणाम वाटू शकतो.

प्रोब घट्ट असणं पुरेसं नाही. तो त्वचेवर टेकला असेल तर मऊ गाठीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. मध्ये जेलचा ३-४ मिमी थर दिसलाच पाहिजे, त्यात हवेचा एकही फुगा नको.

लहरी_१८
जेलचा थर जेमतेम १ मिमी आहे. ग्रे-व्हॅल्यूचं आज कळलं. कच्चा डेटा जपून ठेवलाय, तो पुन्हा मोजतो. या निकालांची ऊतीच्या काचपट्टीशी तुलना करायची तर सीडी३१ चा (वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरचं प्रथिन) रंग पुरेल का?

केशवाहिनी
एकटा नाही पुरणार. सीडी३१ सगळ्या वाहिन्या रंगवतो, बंद पडलेल्यासुद्धा. बबल मात्र वाहत्या वाहिनीतच जातात. उंदीर मारण्याआधी काही मिनिटं शिरेतून फ्लुरोसंट टोमॅटो लेक्टिन (वाहत्या वाहिन्यांच्या अस्तराला चिकटणारं चमकतं प्रथिन) द्या आणि दोन्ही रंग जिथे जुळतात तेवढ्याच वाहिन्या मोजा. स्कॅनचं प्रतल त्वचेवर शाईने आखून ठेवा, काप त्याच दिशेने घ्या.

एकेक वाहिनी बघायची असेल तर ही पद्धत अपुरी आहे: १८ मेगाहर्ट्झला तरंगलांबीच सुमारे ८६ मायक्रोमीटर. २०१५ मध्ये पॅरिसच्या गटाने उंदराच्या कुळातल्याच मोठ्या प्राण्याच्या, रॅटच्या मेंदूत विरळ बबल एकेक करून शोधले आणि १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या वाहिन्या वेगळ्या दाखवल्या. त्याला सेकंदाला शेकडो फ्रेम, काही मिनिटांचं चित्रण आणि श्वासाच्या हालचालीची दुरुस्ती लागते. तुमच्या मशिनमधून कच्चा आरएफ किंवा आयक्यू डेटा (चित्र बनण्याआधीचा मूळ सिग्नल) बाहेर काढता येतो का, ते आधी बघा.