ग्रॅब बारची एकत्र ऑर्डर: ज्येष्ठांच्या बाथरूमसाठी

सचिव: नमस्कार मंडळी. ज्येष्ठ असलेल्या घरांसाठी एकत्र ग्रॅब बार (बाथरूममध्ये आधाराला धरायचे दांडे) मागवायचे ठरतंय. विक्रेता सक्शनवाले, म्हणजे रबरी कपाने टाइलला चिकटणारे, दाखवतोय. ड्रिल नको, धूळ नको, स्वस्तही पडतात. कोणाची हरकत?

बी-३०४ (सिव्हिल): माझी आहे. सक्शनचा कप गुळगुळीत टाइलवर पहिल्या दिवशी घट्ट बसतो. मग साबणाचा थर, वाफ आणि टाइलच्या सांध्यातून शिरणारी हवा यांनी पकड हळूहळू जाते आणि बाहेरून काही कळत नाही. माणूस नेमका तोल गेल्यावर पूर्ण वजन टाकतो आणि बार हातात येतो. टॉवेल रॉडचंही तेच, तो टॉवेलाचं वजन घ्यायला बनवलेला असतो.

सी-१०२: मग कोणता घ्यायचा?

बी-३०४ (सिव्हिल): ३०४ ग्रेडचं स्टील, बारचा व्यास ३२ ते ३८ मिमी, पृष्ठभाग खरखरीत. भिंत आणि बार यांत साधारण ४० मिमी अंतर. याहून जास्त असेल तर हात घसरून कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो.
पण खरी गोम स्क्रूत आहे. खोक्यात दीड इंची स्क्रू येतात. टाइल, तिच्यामागचा मसाला आणि प्लास्टर यांतच इंचभर जातो, विटेत उरतो जेमतेम अर्धा इंच. वीट असेल तर १० मिमीचा लांब नायलॉन प्लग आणि तीन इंची स्टेनलेस स्क्रू घ्या. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर (आवळला की आत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो.

ए-५०१: आमच्या विंगच्या आतल्या भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) आहेत ना?

बी-३०४ (सिव्हिल): हो, तिथेच घोटाळा होतो. सिपोरेक्स ठिसूळ. फुगणारा अँकर आवळला की आतल्या आत भुगा होतो. एक तर सिपोरेक्सचे खास प्लग वापरा, नाहीतर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट). चार इंची भिंतीला सगळ्यात भक्कम म्हणजे आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी. दिसायला बरं नाही, पण निघत नाही. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. सिपोरेक्सला तर शेवटपर्यंत बंदच. भोकात सिलिकॉन भरून मग प्लग घाला, नाहीतर भिंतीत पाणी मुरतं. नळाच्या सरळ वर-खाली भोक नको, पाइप तिथूनच गेलेला असतो.

सी-१०२: आणि उंची किती?

बी-२०१ (फिजिओ): शॉवरजवळ आडवा बार जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. उंबरठ्यापाशी उभा बार हवा, आत-बाहेर करताना पाय तिथेच अडखळतो. पण माझं ऐकाल तर आधी ज्यांच्यासाठी बार आहे त्यांनाच विचारा. कोरड्या बाथरूममध्ये, अंगावर कपडे असताना, नेहमीसारखं बसून-उठून दाखवायला सांगा. हात आपसूक जिथे जाईल तिथे खडूची खूण करा. अर्धांगवायू झालेला असेल तर बार चांगल्या हाताच्या बाजूला.

ए-४०३: आणि ते 'मला नको, घराचं हॉस्पिटल करू नका' म्हणाले तर?

बी-२०१ (फिजिओ): म्हणणारच. लहान मुलासारखं समजावत बसू नका ताई. रंग, जागा त्यांना ठरवू द्या, एकच बार लावून बघा. जबरदस्तीने लावलेल्या बारला मुद्दाम हात लावत नाहीत. कमोडसाठी गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत माप घ्या, सीट त्याहून इंच-दोन इंच वर हवी. चार इंची वाढीव सीट सरसकट मागवू नका. ठेंगण्या आजींचे पाय त्यावर लोंबकळतात आणि उतरतानाच त्या घसरतात.

डी-१०३ (डॉक्टर): दाराचंही बघा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला की दार उघडताच येत नाही. जमत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडणारं लॉक बसवा.
रात्री लघवीला उठताना मिनिट-दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्याबरोबर प्रेशर उतरतं. गोळीची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

ए-५०१: पडल्यावर उचलायचं कसं?

डी-१०३ (डॉक्टर): लगेच उचलायचंच नाही. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला किंवा जांघेत कळ असेल तर खुबा मोडलेला समजा. हलवू नका, चहा-पाणी देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. पांघरूण घाला आणि १०८ लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार असेल तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्या.
आणि कृपया पडलेल्या माणसाचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

सचिव: ठीक, सक्शन रद्द. ज्यांना हवेत त्यांनी फ्लॅट नंबर, भिंतीचा प्रकार आणि बारची संख्या मला वैयक्तिक मेसेजवर कळवा, ग्रुपवर आजारपण लिहू नका. ड्रिलिंग शनिवारी १० ते १. दुपारी नाही, वामकुक्षीची वेळ असते.

ए-४०३: खडू कोणाकडे आहे? 😄

सी-१०२: मास्किंग टेप चालेल ना? ओल्या टाइलवर खडू उठत नाही.

बी-३०४ (सिव्हिल): टेपच बरी. टेपवरून भोक पाडलं तर बिटही घसरत नाही.